काडीवरची कोंबडी : शिंजुकू ते फुकुओका

मंगळवार : शिंजुकू

नवऱ्याला कच्चा मासा पाहवत नाही आणि मला रोज रामेन नको. त्यामुळे जपानचं तिकीट काढलं तेव्हाच टोकियोतल्या भाचीने सांगून टाकलं, "मावशी, तुम्ही दोघं याकितोरी खा. काका खूश राहतील." याकितोरी म्हणजे बांबूच्या काडीला ओवून कोळशावर भाजलेली कोंबडी. वर्णन संपलं. आलं-लसूण नाही, दही नाही, तिखट नाही, रात्रभर मुरवणं नाही. सांगलीत असं कोणी ताटात वाढलं तर पाहुणे विचारतील, मसाला लावायचा राहिला का?

भाची राहते निशी-कासाईला. तिथे इतके भारतीय आहेत की सकाळी स्टेशनच्या वाटेवर "अगं, डबा घेतलास का" असं कानावर पडतं आणि आपण उगाच मागे वळून बघतो. याच एदोगावा वॉर्डातून २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, हे तिने विमानतळावरून येतानाच दोनदा सांगितलं.

संध्याकाळी तिने आम्हाला शिंजुकूला नेलं. स्टेशनच्या पश्चिमेला रेल्वेच्या रुळांना चिकटून ओमोइदे योकोचो नावाचे अरुंद बोळ आहेत. समोरून माणूस आला की एकाने खांदा तिरका करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे काळा बाजार भरायचा. गव्हाच्या पिठावर सरकारी नियंत्रण आलं तेव्हा टपरीवाल्यांनी नियंत्रणाबाहेरची वस्तू धरली: जनावरांची आतडी, काळीज, जीभ. तेच काडीवर भाजून विकायला लागले. १९९९ साली आग लागून यातली बरीच दुकानं जळाली, पुन्हा उभी राहिली, आणि नवी झाल्यावरही जुनीच दिसतात. धुराने काळी पडायला वेळ लागत नाही.

दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्या भोवती आठ-दहा माणसं. बसल्या बसल्या, आपण काही न मागवता, एक छोटी वाटी समोर येते. आम्हाला उकडलेल्या मुळ्याच्या फोडी आल्या. याला ओतोशी म्हणतात आणि ती फुकट नसते. माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. नवरा भांडायच्या पवित्र्यात होता. "काका, ते बसायच्या जागेचं भाडं समजा," म्हणून भाचीने आवरलं. पहिल्यांदा येणाऱ्याने हे घरूनच समजून यावं.

मग विचारतात, शिओ की तारे? शिओ म्हणजे नुसतं मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन नावाची गोड दारू, साके आणि साखर आटवून केलेला दाट रस. त्याचं मडकं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. संपत आलं की त्यातच नवा रस ओततात. भाजत आलेली काडी त्यात बुडवायची, पुन्हा विस्तवावर धरायची, पुन्हा बुडवायची. दर बुडीला कोंबडीची थोडी चरबी मडक्यात उतरते. असा तो रस वर्षानुवर्षं मुरत राहतो.

शेगडी वीतभर रुंद आणि हातभर लांब, वर जाळी नाही. काड्या दोन लोखंडी पट्ट्यांवर आडव्या टेकलेल्या, मांस विस्तवावर आणि काडीची मूठ बाहेर. भाजणारा माणूस एका हाताने काड्या फिरवत होता, दुसऱ्या हाताने पंखा मारत होता, आणि मधेच रेल्वे धडधडत गेली तरी मान वर करत नव्हता. सुरुवात नेगिमाने केली: मांडीच्या मांसाचा तुकडा, मग जाड पांढऱ्या पातीचा तुकडा, पुन्हा मांस. पातीचा रस मांसात उतरलेला. नवऱ्याने पहिला घास घेतला, मीठ कुठे कमी-जास्त आहे ते शोधलं, सापडलं नाही, आणि गप्प बसून दुसरी काडी उचलली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला या गप्प बसण्याचा अर्थ कळतो.

एक सूचना, विशेषतः डुक्कर न खाणाऱ्यांसाठी. इथल्या बऱ्याच दुकानांत कोंबडीच्या शेजारी डुकराच्या काड्याही भाजतात आणि मडकं एकच असतं. डुकराच्या काडीला याकितोन म्हणतात. काशिरा लिहिलेलं असेल तर ते डुकराच्या डोक्याचं मांस. विचारून घ्यावं, कुणी राग मानत नाही.

बुधवार : गिंझाजवळचं काउंटर

दिवसभर काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. सेन्सोजीचं देऊळ आणि गर्दी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. काल जे दोनशे येनच्या काडीत मिळालं त्याच वस्तूला इथे मिशेलिनचे तारे मिळतात. मेगुरोतल्या तोरिशिकी नावाच्या दुकानात जागा मिळवणं ही टोकियोत हुशारीची परीक्षा समजतात. गिंझातलं बर्ड लँड एका इमारतीच्या तळघरात आहे, आणि त्याच्या शेजारचं दुकान म्हणजे सुकियाबाशी जिरो, जिथे २०१४ साली पंतप्रधान आबे ओबामांना सुशी खायला घेऊन गेले होते. आम्हाला या दोन्हीकडे जागा मिळाली नाही. भाचीच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने जवळच्या एका लहान काउंटरवर तीन जागा मिळाल्या, माणशी नऊ हजार येनच्या आसपास. रुपयांत करून पाहू नका असं भाचीने बजावलं, आणि नवऱ्याने लगेच करून पाहिलं.

इथे मागवायचं नसतं. मालक एकेक काडी देत जातो, आपण "बस" म्हणेपर्यंत. दोन काड्यांच्या मधे पाच-सात मिनिटं जातात. आधी मला वाटलं, विसरला. मग लक्षात आलं की तो आपल्या खाण्याकडे बघून पुढची काडी विस्तवावर ठेवतोय. काडी ताटलीत पडल्यावर ती गार करत बसायची नाही, आणि चॉपस्टिक्सने मांस खाली उतरवून वाटून घ्यायचं तर मुळीच नाही. टोकाचा तुकडा जरा मोठा ओवलेला असतो, कारण तोंडात पहिला तोच जाणार. काडी ओवायला शिकण्यात तीन वर्षं आणि भाजायला शिकण्यात सगळा जन्म, असं या धंद्यात म्हणतात.

पहिली आली सासामी, छातीच्या आतली मऊ पट्टी, वर वसाबीचा ठिपका. आत गुलाबी. नवऱ्याने ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. खरं सांगायचं तर मीही अर्धी ठेवली. जपानचं आरोग्य खातंच कच्च्या आणि अर्धकच्च्या कोंबडीपासून जपा म्हणून सांगतं, पण इथल्या लोकांचा आपल्या कोंबडीवर फार भरवसा. मालकाच्या ते लक्षात आलं असावं, कारण पुढचं सगळं आमच्यासाठी नीट भाजून आलं.

आणि मग कोंबडी उलगडायला लागली. आपल्याकडे कोंबडी म्हणजे तंगडी, छाती आणि "बाकीचं". खाटकाला सांगतानाही एवढंच सांगतो. इथे त्या बाकीच्यातूनच रात्र निघाली. सेसेरी म्हणजे मानेचं मांस. एका कोंबडीतून जेमतेम एक काडी निघते, आणि मी त्या रात्री खाल्लेलं सगळ्यात चविष्ट मांस तेच. बोनजिरी म्हणजे शेपटीकडचा चरबीचा गोळा. हात्सु म्हणजे हृदय. सुनागिमो म्हणजे आपला पेटा, पण कातडं सोलून इतका स्वच्छ केलेला की दाताखाली करकरतो. रेबा म्हणजे कलेजी. कलेजी-पेटा मी लहानपणापासून तव्यावर कांद्यात परतून खाल्लाय, आणि कलेजी कोरडी, भरभरीत असणार हे गृहीत धरलं होतं. ही काडी तारेत बुडवलेली, बाहेरून चकाकती आणि आत लोण्यासारखी मऊ. म्हणजे आजवर आपण ती जास्त परतत आलो, आणि आईने शिकवलंय म्हणून कुणाला काही बोललो नाही.

मग चोचिन आली. काडीच्या खालच्या टोकाला गर्भनळीचा तुकडा आणि त्याला लोंबणारा, अजून कवच न धरलेला पिवळा बलक. भाची म्हणाली, "बघवत नाही ना?" आम्ही दोघं हसलो. गावठी कोंबडी कापली की तिच्या पोटातल्या अंड्यांच्या घोसावरून घरोघरी भांडणं झालेली आहेत. रश्शातलं ते छोटं पिवळं अंडं कुणाच्या वाटीत जाणार हे आजी ठरवायची. बलक तोंडात फुटला आणि तारेत मिसळला. नवऱ्याने आज पहिल्यांदाच दुसरी काडी मागितली, पण मालकाने मान हलवली. एका कोंबडीत किती असणार!

कोंबडी जिदोरी होती, म्हणजे देशी वाणाची. नाव लावायला नियम आहेत: निम्मं तरी रक्त जुन्या जपानी जातीचं हवं, किमान ७५ दिवस वाढवलेली हवी, आणि २८ दिवसांची झाल्यावर मोकळी फिरणारी हवी, एका चौरस मीटरला दहापेक्षा जास्त नाहीत. ब्रॉयलर याच्या पुष्कळ आधी कापतात. पण ब्रॉयलरला नावं ठेवण्याआधी हेही लक्षात घ्यावं की १९६० च्या आसपास तो जपानात रुळला म्हणून तर नोकरदार माणसाला संध्याकाळी कोंबडीची काडी परवडायला लागली. तोवर कोंबडी महाग होती.

शेवटी कोंबडीच्या हाडांचं पांढरं सूप, छोट्या पेल्यात. मी मालकाला भाचीकरवी विचारलं, चव कोंबडीची की मडक्यातल्या रसाची? त्याने शेगडीतला एक कोळसा चिमट्याने उचलून दुसऱ्यावर आपटला. देवघरातल्या घंटीसारखा आवाज आला. "किशू," एवढंच म्हणाला. किशू म्हणजे वाकायामा प्रांत, कोळसा तिथला. आम्ही नाहीतरी तिकडेच निघालो होतो.

गुरुवार : कोयासान

नवऱ्याचा गुरुवार. चाळीस वर्षं चुकवलेला नाही, जपानातही चुकवणार नव्हता, म्हणून मुक्काम आधीपासूनच कोयासानला ठरवलेला. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने ओसाका, तिथून नानकाई रेल्वेने डोंगराच्या पायथ्याशी गोकुराकुबाशी आणि पुढे पाच मिनिटं तारेने ओढल्या जाणाऱ्या रुळांवरच्या गाडीने वर. हे शिंगोन बौद्ध पंथाचं ठाणं. कूकाई नावाच्या भिक्षूला ८१६ साली सम्राटाने हा डोंगर दिला. पन्नासेक मठांत प्रवाशांना राहता येतं.

मठात मांस नाही, मासा नाही, आणि कांदा-लसूणही नाही. तिळाचा दुधट गोळा ते टोफू म्हणून देतात, गोठवून वाळवलेला कोया-टोफू रसात भिजवून देतात. तो स्पंजासारखा रस धरतो. मला आवडलं, पण रात्री नऊला भूक लागली आणि पिशवीत चिवडा होता.

जेवताना एक गंमत वाचायला मिळाली. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली होती. कोंबडी का? ती पहाट सांगते म्हणून. नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्या चातुर्मासासारखंच की." त्यानंतर मांस न खाण्याची रीत कमी-अधिक शतकानुशतकं चालली, आणि कोंबडी उघडपणे पानात यायला फार वेळ लागला.

कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. थंडीत कुडकुडत आम्ही तिथे गेलो. सूट, चष्मा, पुस्तक, सगळं ओळखीचं. आणि आजूबाजूला देवदारासारखी उंच, सुगी नावाची झाडं. नवऱ्याने बूट काढले. शेजारून जाणाऱ्या विद्यार्थ्याने आमच्याकडे बघून वाकून नमस्कार केला.

शुक्रवार : तानाबे

सगळा दिवस गाड्या बदलण्यात. हाशिमोतो, वाकायामा, मग समुद्राकाठाने खाली की-इ तानाबे. स्टेशनासमोर आजिकोजी नावाची खाण्यापिण्याची गल्ली आहे, त्यात एक याकितोरीवाला. बरा होता. दमलो होतो.

शनिवार : कोळशाची भट्टी

तानाबेच्या आत, आकिझुगावा भागात किशू बिन्चोतान, म्हणजे इथल्या कोळशाचं, स्मारक उद्यान आहे. नाव भारदस्त, पण जागा साधी: दुकान, छोटं प्रदर्शन आणि भट्ट्या. एदो काळात, १७०० च्या सुमारास, तानाबेतला बिच्चुया चोझाएमोन नावाचा व्यापारी हा कोळसा विकायचा. त्याच्या नावातूनच बिन्चो आलं.

झाड उबामेगाशी, किनाऱ्याकडच्या डोंगरांवर वाढणारा ओक. लाकूड फार कठीण आणि फांद्या वाकड्या. त्यांना खाचा पाडून पाचरी ठोकून सरळ करतात, मगच भट्टीत उभ्या रचतात. सगळं झाड तोडत नाहीत. जाड फांद्या घ्यायच्या, बारीक ठेवायच्या, म्हणजे काही वर्षांनी तोच डोंगर पुन्हा देतो. आपल्याकडचा लोणारी कोळसा मी माहेरी परसात होताना पाहिलाय; मातीचा ढीग, वर धूर, आणि दोन दिवसांत पोती भरून तयार. हा असा होत नाही. भट्टीचं तोंड जवळजवळ बुजवून आत आठवडाभर, कधी त्याहून जास्त, लाकूड जळू न देता नुसतं भाजत ठेवतात. आत बघता येत नाही. कोळसेवाला धुराड्यावर नाक धरून सांगतो की आत काय चाललंय. आधी धूर पांढरा, ओला, आंबट वासाचा, मग निळसर, मग जवळजवळ दिसेनासा.

त्यानंतर खरं काम. तोंड हळूहळू उघडून हवा आत सोडतात. आतली धग हजार अंशांच्या वर जाते आणि उरलेली सालपटं, डांबर, वायू सगळं जळून जातं. लालभडक ओंडके लांब लोखंडी आकड्याने बाहेर ओढायचे आणि लगेच ओलसर राख-मातीत पुरायचे. त्या राखेने कोळसा वरून पांढुरका होतो. आम्ही पाहिलं तेव्हा कोळसेवाला चेहऱ्याला टॉवेल बांधून दर काही मिनिटांनी आकडा फिरवत होता. आम्ही पंधरा फुटांवर उभे राहूनही मागे सरकत होतो. वय विचारलं नाही, पण माझ्यापेक्षा लहान नव्हता. हाताची कातडी बघून मला त्याच्या पगाराची चौकशी करायचा धीर झाला नाही.

असा कोळसा पाण्यात टाकला तर बुडतो. पेटायला रडवतो, पण एकदा धरला की तासन् तास एकसारखी धग देतो, ज्वाळा नाही, स्वतःचा धूर जवळजवळ नाही. याकितोरीला येणारा धुराचा वास कोळशाचा नसतोच. तो खाली ठिबकलेल्या चरबीचा. म्हणजे शिंजुकूतल्या त्या बोळातला धूर कोंबडीचाच होता. आणि म्हणूनच तिथला माणूस सारखा पंखा मारत होता: विस्तव फुलवायला कमी, ज्वाळा विझवून धूर बाजूला सारायला जास्त.

नवऱ्याला दोन किलो घरी न्यायचा होता. कोळसा विमानात नेऊ देत नाहीत. दुकानातल्या बाईंनी हे सांगितल्यावर नवऱ्याने एका ओंडक्यावर दुसरा वाजवून बघितला आणि परत ठेवला.

रविवार : फुकुओका

ओसाकाकडून येणारा सान्यो शिनकान्सेनचा मार्ग क्यूशू बेटावर संपतो तिथे फुकुओकाचं हाकाता स्टेशन. इथली याकितोरी टोकियोच्या माणसालाही चकित करते असं भाचीने सांगितलं होतं. ती स्वतः आली नव्हती, फोनवरून बजावत होती, "कावा मागवा. एक-दोन नाही. दहा मागवा."

कावा म्हणजे कातडं. फक्त मानेचं कातडं, बारीक काडीभोवती घट्ट गुंडाळत नेलेलं. ते भाजतात, चरबी गळू देतात, तारेत बुडवतात, काढून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजतात. असं काही दिवस. आपण मागवल्यावर शेवटचा हात मारून समोर येतं. बाहेरून कुरकुरीत, आत चिवट, आणि इतक्या वेळा चरबी गळून गेल्यामुळे हलकं. घरी कातडं सोलून मांजराला घालणारी मी, पहिल्या पाच काड्या बोलायला न थांबता संपवल्या. शिंजुकूतही कावा खाल्ली होती. ती चांगली होती, पण तो नुसता खाद्यपदार्थ होता. ही चार दिवसांची मेहनत एका घासात जात होती आणि किंमत एका काडीला दीडशे येनच्या आत.

शेजारी न मागता कोबी आला, कापलेला कच्चा, वर आंबट रस. इथे याकितोरीच्या दुकानात तो असतोच आणि संपला की पुन्हा देतात. तेलकट घासानंतर एक पान कोबी, पुन्हा काडी. हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार. भिंतीवरच्या फळ्यावर बुताबारा लिहिलं होतं, म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस. फुकुओकात कोंबडीच्या दुकानात ही काडी सर्रास असते आणि लोक कोंबडीच्या आधी ती मागवतात. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आम्हाला दिली. नवऱ्याने नको म्हटलं, मी घेतली, कोबीबरोबर छान लागली.

तासाभरात रिकाम्या काड्यांनी टेबलावरची बांबूची नळी गच्च भरली. पोरसवदा वेटरने ती उचलून काड्या मोजल्या, पाटीवर आकडा लिहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलला. भाचीला फोन लावून फोन त्याच्या हातात दिला. ती हसत सुटली. "मावशी, तो विचारतोय, अजून दहा की बिल?"

नवऱ्याने दहा बोटं वर केली.